चारशे बारा रिकामी नावं

“…पण मग नावं कशाला ठेवली? न्यायचं होतं तर सगळंच न्यायचं. नावं कशाला मागे ठेवली?”

 मुजावर चाचा तिच्या हातातल्या पिशवीकडे बघत होते.

केतकी देवस्थळी दारातल्या पायपुसण्यावर अनवाणी उभी होती. एका काखेत कागदांचं पाकीट. दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत तिच्याच चपला.

यंत्रांच्या त्या खोलीत धूळ चालत नाही. म्हणून सगळे चपला बाहेरच्या फळीवर काढतात, विभागप्रमुखसुद्धा. केतकीनं काढल्या, आणि सोबत आणल्या.

“बाहेर राहिल्या असत्या की,” चाचा म्हणाले.

“राहिल्या असत्या. मी परत येईपर्यंत असत्या का, ते सांगता येत नाही.”

चाचांनी मान हलवली. खुर्ची पुढे केली.

ती बसली. पिशवी मांडीवर घेतली.

बशीर मुजावर हे त्या विद्यापीठातल्या मोठ्या यंत्राचे राखणदार. यंत्र म्हणजे एक नव्हे. सव्वाशे यंत्रं एकमेकांना जोडून केलेलं एक, क्लस्टर म्हणतात त्याला. ते कोणा एकाचं नाही, सगळ्या विभागांचं सामाईक. चाचांकडे पदवी नाही. आले ते खोली थंड ठेवणारं यंत्र दुरुस्त करायला, आणि राहिले. पुस्तकं मागून आणून शिकले. दोनदा निवृत्त केलं, दोनदा परत बोलावलं. ज्याला आपलं आपण शिकावं लागलं तो दुसऱ्याला शिकवताना हातचं राखत नाही. हे मी कोणाचं ऐकून लिहीत नाही.

केतकीला पहिली आज्ञा टाइप करायला चाचांनीच शिकवली होती, सहा वर्षांपूर्वी. तेव्हा ती काळ्या पडद्याकडे बघूनच घाबरायची. पहिली चार वर्षं गुरुपौर्णिमेला ती त्यांच्यासाठी जिलबी आणायची. पुढे दोन वर्षं आणली नाही. आता आपल्याला चाचांपेक्षा जास्त येतं, असं तिचं मत होतं. ते खरंही होतं.

“चहा घे.”

“नको.”

चाचांनी तरी कप तिच्यापुढे ठेवला. तिनं तो एक वीत लांब सरकवला.

तिचं काम दरडींचं. सह्याद्रीतला कोणता उतार किती पावसात सुटेल, याचं गणित. चौदा महिने यंत्र ते गणित करत होतं. त्यातून, दोन वर्षांपूर्वी, चारशे बारा फायली निघाल्या. प्रबंध द्यायला नऊ दिवस उरले होते. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. काल ती शेवटचे तक्ते काढायला बसली, आणि फायलींत काही नव्हतं. चारशे बारा नावं जागच्या जागी. आत शून्य.

काखेतल्या पाकिटात तक्रारीचा अर्ज होता. त्यात नाव होतं हणमंत वाघमोडे याचं. तोही तिच्याच मार्गदर्शक बाईंच्या हाताखाली पीएच.डी. करणारा, तिच्यामागून दोन वर्षांनी आलेला. चार वाजता अर्ज संचालकांपुढे जायचा होता. संचालकांनी एकच अट घातली होती: चोरी झाली असं मुजावरांनी लिहून द्यावं, म्हणजे मुलाला आजच्या आज काढतो. वसतिगृहातूनसुद्धा.

दोन वाजून गेले होते.

“सही पाहिजे,” केतकी म्हणाली. “इथे, खाली.”

“वाचून दाखव.”

तिनं वाचलं. अर्ज नीट लिहिलेला होता. संशय आला की माणसाची भाषा सुधारते, कधी बघा.

पुरावा पहिला. रिकाम्या फायलींवर तारीख होती ती परवाच्या सोमवारची, वेळ सकाळी सात. मिनिटाचाही फरक नाही. आणि सोमवारी सातला इमारतीत कोण असतं, ते पहारेकऱ्याच्या वहीत आहे. हणमंत. रविवारी गावी जातो, पहिल्या एसटीनं परततो, वसतिगृहात न जाता थेट इथे येतो. दर सोमवारी सही सहा पन्नासची.

पुरावा दुसरा. अडीच महिन्यांपूर्वी त्यानं तिच्याकडे फायलींची नक्कल मागितली होती. म्हणाला, ताई, तुमचं सगळं स्क्रॅचवर पडलंय, एक प्रत मी माझ्या डिस्कवर ठेवतो, मला पडताळणीलाही होईल. तिनं साफ नाही म्हटलं. चार दिवसांनी ती बाहेरून आली तर हा तिच्या टेबलापाशी उभा. तिचा संगणक उघडा, ह्याच्या हातात हार्ड डिस्क. तिला बघून म्हणाला, बाईंनी बोलावलंय तुम्हाला. आणि गेला.

“बाईंनी बोलावलं होतं?” चाचांनी विचारलं.

“बोलावलं होतं. तो भाग वेगळा.”

“बरं. तिसरा?”

केतकी थांबली. पाकिटातून एक घडी केलेला कागद काढला, पण उलगडला नाही.

“तिसरा तुमच्याबद्दल आहे.”

“मग तो आधी वाचायचास.”

“हणमंताला जागा कोणी दाखवली, हा प्रश्न आहे ना. त्या दिवशी, तो टेबलापासून गेल्यावर, मी फायली हलवल्या, कोणाला सांगितलं नाही. आणि महिन्याच्या आत मला तुमची मेल येते. त्या नव्या जागेचं नाव घालून.” तिनं कागद चाचांपुढे नाचवला, दिला नाही. “तुम्हाला कसं कळलं? म्हणजे तुम्ही बघता. आमचं सगळं बघता.”

चाचांनी तिच्याकडे बघितलं. रागावले नाहीत. राग आला असता तर बरं, असं तिला वाटलं, म्हणजे निदान खात्री झाली असती.

“सही करतो,” ते म्हणाले. “आधी मला समजू दे. फायली होत्या कुठे?”

“स्क्रॅचवर.”

स्क्रॅच ही त्या यंत्रातली सामाईक मोकळी जागा. प्रचंड आणि वेगवान. गणित चालू असताना लागेल तेवढी घ्यायची, काम झालं की आपलं उचलून मोकळी करायची. चाचा तिला खळं म्हणतात. गावाच्या खळ्यावर मळणी करावी, धान्य घरी न्यावं, दुसऱ्याला जागा द्यावी. तीस दिवस ज्या फायलीला कोणी हात लावला नाही, ती शुक्रवारी आपोआप पुसली जाते. खळ्याची टेप निघत नाही, म्हणजे तिथलं कुठेही जपून ठेवलं जात नाही. प्रत्येकाला घर म्हणून वेगळी जागा असते. ती लहान असते, पण रोज टेपवर उतरते.

हे सगळं दारावर लिहून लावलंय. चाचांच्या अक्षरात, मराठीत आणि इंग्रजीत.

“घरी का नाही नेलंस?”

“घर लहान.”

“अर्ज केला की वाढवून मिळतं.”

“अर्जात काय ठेवणार ते लिहावं लागतं. बाईंची सही लागते. बाईंच्या टेबलावर तो कागद दोन दिवस पडणार, आणि त्या टेबलाशी कोण कोण येतं ते मला ठाऊक आहे.” ती दम घ्यायला थांबली. “शिवाय घराची टेप निघते.”

“टेप चांगली.”

“टेप तुमच्या कपाटात असते.”

“हां…” चाचा म्हणाले.

पंखे घोंगावत होते. त्या खोलीत शांतता कधी नसते. 

“दोन वर्षं तीस दिवसांचा नियम कसा चुकवलास?”

हा प्रश्न तिला आवडला नाही. त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या इमारतीत ते सगळेच करत होते. टच नावाची एक आज्ञा असते. ती दिली की फाईल उघडत नाही, वाचली जात नाही, तिच्यातलं अक्षर हलत नाही. नुसतं बोट लावल्यासारखं होतं, आणि तिच्यावरची तारीख आजची होते. पुसणारं यंत्र तारीख बघतं, समजतं की फाईल वापरात आहे, पुढे जातं. पोरं आपल्या फायलींच्या नावांची यादी करतात आणि आठवड्यातून एकदा त्या यादीला आपोआप बोट लागेल अशी सोय करून ठेवतात. चाचांना हे माहीत होतं. त्यांनी कधी पकडलं नाही, आणि बरं आहे असंही कधी म्हटलं नाही.

“सगळे करतात,” केतकी म्हणाली.

“करतात. मी चूक काढत नाही. त्या दिवशी फायली कुठे हलवल्यास?”

तिनं दाराकडे बघितलं. आवाज खाली आणला.

“स्क्रॅचवरच. लपवून. नावाआधी ठिपका दिला म्हणजे फोल्डर यादीत दिसत नाही. कुलूप घातलं. आणि नाव दिलं कचरा.”

“कचरा.”

“म्हणजे कोणी उघडू नये.”

चाचा हसले नाहीत. मी हसले असते.

“मग तू तिथे परत किती वेळा गेलीस?”

“एकदाही नाही. मी जाणार, मागून कोणाची तरी नजर जाणार. काल गेले. कचरा रिकामा. मग जुन्या जागी बघितलं, तर तिथे ही नावं. चारशे बारा. मी स्वतः तिथून सगळं हलवलं होतं, चाचा. जागा मोकळी केली होती. कोणीतरी आत शिरून माल नेला, आणि मला चिडवायला रिकामी खोकी मांडून ठेवली.”

तिचा आवाज इथे पहिल्यांदा फाटला. चौदा महिने, सहा वर्षं. लग्न लांबवलेलं, बापाच्या आजारपणात गेली नाही ते. हे ती बोलली नाही. बोलायची गरज नव्हती.

चाचा उठले. आपल्या खुर्चीवर बस म्हणाले.

“कीबोर्डला मी हात लावणार नाही. तूच लाव. नाहीतर नंतर म्हणशील, म्हाताऱ्यानं काहीतरी केलं.”

हे तिला पटलं. ती बसली. पिशवी पायाशी न ठेवता पुन्हा मांडीवर घेतली.

“एक नवा फोल्डर कर. आत जा. यादी काढ.”

“काही नाही.”

“नक्की?”

“आत्ताच केलाय. काय असणार?”

“आता टच लिही. पुढे एक नाव दे.”

“कुठलं?”

“ज्याचा संशय आहे त्याचं.”

तिनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. यात काय डाव आहे ते शोधत होती. सापडला नाही. मग बोटांनी टाइप केलं.

“यादी काढ.”

पडद्यावर एक ओळ आली. हणमंत. आकार शून्य. आजची तारीख, दोन वाजून सदतीस मिनिटं.

“ही इथे कोणी ठेवली?”

केतकीनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“मघाशी होती?”

“नाही.”

“आत काय आहे?”

“काही नाही.”

“मग आली कुठून?”

…

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. बोट लावायला फाईल जागेवर नसेल, तर टच त्या नावाची नवी रिकामी फाईल करून ठेवतं. पहिल्याच आठवड्यात चाचांनी शिकवलं होतं, ती तेव्हा हसलीही होती. पण शिकलेलं वेळेवर वर येत नाही, जेव्हा वरती कोणाचा तरी चेहरा येऊन बसलेला असतो.

“सोमवारी सकाळी सातला,” चाचा हळू म्हणाले, “हणमंत येतो. आणखी कोण येतं?”

ती पडद्याकडे वळली. ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञांची तिची स्वतःची यादी असते, ती उघडली. दोन वर्षांत उघडली नव्हती.

एकच ओळ होती. सोमवार. सात. आणि ओळ जिकडे बोट दाखवत होती तिथे चारशे बारा नावं, जुन्या जागेच्या पत्त्यासकट.

तिनं पडद्यावर बोट ठेवून तो पत्ता पुन्हा वाचला.

फायली तिनं हलवल्या. यादीला सांगायचं राहिलं. यादी बिचारी इमानी. दर सोमवारी सातला जुन्या जागी जायची, फाईल नाही असं बघायची, आणि नवी रिकामी करून ठेवायची. तिकडे कचऱ्यातल्या खऱ्या फायलींना बोट लावायला कोणीच नव्हतं. तीस दिवस.

“तो तिसरा पुरावा,” चाचा म्हणाले. “आता वाच.”

तिनं कागदाची घडी उलगडली. कागद दोन्ही हातांनी धरला. पिशवी मांडीवरून घसरली, एक चप्पल बाहेर आली. तिच्या ध्यानात आलं नाही.

“मोठ्यानं.”

“कचरा या तुमच्या फोल्डरमधल्या चारशे बारा फायलींना शुक्रवारी तीस दिवस होतात. खळं झाडलं जाईल. हवं ते घरी न्या. मुजावर.”

“तारीख?”

तारीख दीड महिन्यापूर्वीची होती.

“ही मी लिहीत नाही,” चाचा म्हणाले. “दर मंगळवारी यंत्र लिहितं. ज्याच्या फायली जुन्या झाल्या त्याला जाते. नाव माझं असतं एवढंच. कोणाचं काय आहे ते मी बघत नाही, पोरी. बघायला लागलो तर झोप येणार नाही.”

“मला वाटलं…”

“काय वाटलं?”

“मला घाबरवून फायली हलवायला लावायच्या, आणि त्या मी कुठे हलवते ते बघायचं. असं वाटलं. म्हणून मी त्या जागच्या हलवल्या नाहीत.”

चाचांनी खाली वाकून तिची चप्पल उचलली. पुसली. दुसरीच्या शेजारी नीट ठेवली.

“ह्या उराशी धरून आलीस,” ते म्हणाले. “आणि काम खळ्यावर.”

केतकीनं तोंडावर हात घेतला. रडली नाही. तिच्या जातीच्या बाया माणसांपुढे रडत नाहीत. म्हणजे गर्विष्ठ बायांच्या जातीच्या. मला ती जात चांगली ठाऊक आहे.

मग तिनं जे विचारायचं ते एकेक करून विचारलं. डिस्कवरून पुसलेलं परत काढता येतं, असं ऐकलं होतं. चाचा म्हणाले, त्याच शनिवारी रसायनशास्त्रवाल्यांनी तिथे आपली रास ओतली, आता त्या जागेवर त्यांचं आहे. टेप? खळ्याची नसते. कुठल्या तरी यंत्राच्या पोटात, चुकून, एखादी प्रत? चाचांनी मान हलवली. ह्या सव्वाशे यंत्रांत तिचं काही उरलेलं नव्हतं. ते त्यांनी काल रात्रीच, कोणाची फाईल न उघडता, बघून ठेवलं होतं, तिनं न सांगता. कारण काल ती जिन्यात भेटली तेव्हा तिचा चेहरा त्यांनी बघितला होता.

“मग माझ्याकडे काय राहिलं?”

चाचांनी टेबलावरच्या अर्जाकडे बोट केलं.

तिनं अर्ज उचलला. साडेतीन होत आले होते. त्यात तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं की हणमंत वाघमोडे यांनी माझ्या गैरहजेरीत, माझ्या संगणकावरून, माझ्या सर्व चारशे बारा फायली आपल्या डिस्कवर उतरवून घेतल्या. दिवस लिहिला होता. तिनं फायली हलवल्या तोच दिवस, पण हलवायच्या आधीची वेळ. पुढे लिहिलं होतं की हा मुलगा पहिल्यापासून चोर वृत्तीचा आहे, अशी माझी खात्री आहे.

तिनं तो पुन्हा वाचला. या खेपेला वाचताना तिची मान खाली गेली होती. ज्यानं गुपचूप नाही, तोंडावर येऊन प्रत मागितली होती, आणि जपायला मागितली होती, त्याच्याबद्दल ती वाचत होती.

“मी हे चार वाजता देणार होते,” ती म्हणाली.

“हो.”

“तुम्ही सही केली असती?”

“अजून पाहिजे असेल तर सांग.”

“आता नको.”

तिनं अर्ज मधोमध धरला. फाडायला बोटं आवळली. कागद एक बोटभर फाटलाही.

चाचांनी झटकन पुढे होऊन तिचा हात धरला. सहा वर्षांत त्यांनी तिला कधी शिवलं नव्हतं.

“का?” केतकी म्हणाली. “हे खोटं आहे. ह्यातलं एक अक्षर खरं नाही.”

चाचांनी तिच्या हातातून कागद सोडवून घेतला. टेबलावर ठेवला. फाटलेली कड तळहातानं दाबून सरळ केली, आणि तिच्यापुढे सरकवला.

“फाडू नकोस. हा घे, हणमंताकडे जा… आणि जाताना दुवा माग, की ह्यातला शब्द न् शब्द खरा निघू दे.”